साळिंदर गुरुजींचं ‘समजा’

एका जंगलात, मुलांनो, कोणी फारसं आजारीच पडत नसे.

हवा चांगली होती. ओढ्याचं पाणी गोड होतं. जो तो आपल्या पायानं चालायचा आणि भूक लागेल तेवढंच खायचा. आजारी पडायला कोणाला सवड मिळत नसे. वर्षातून दोन, फार तर तीन जण पडत. एखाद्याचा पाय मुरगळे. एखाद्याच्या घशात बोराची बी अडके.

तरीही त्या जंगलात रुग्णगाडी होती. शेजारच्या जंगलात होती, म्हणून या जंगलानंही आणली. दोन चाकांची, पांढऱ्या छताची. ती ओढायला एक गवा होता. तो फारसा बोलत नसे. ओढ्याकाठच्या खडकावर टिटवी बसवली होती. कोणाला काही झालं की तिनं ओरडायचं, म्हणजे गाडी निघायची. कारण नसताना ओरडू नये, असा तिला हुकूम होता. त्यामुळे ती बिचारी जवळजवळ सगळं वर्ष चोच मिटून बसायची. टिटवीला ते किती जड जातं हे टिटवीलाच ठाऊक.

आता गाडी आहे म्हटल्यावर गाडीवर काम करणारी मंडळी हवीत. आणि मंडळी आली म्हटल्यावर त्यांना शिकवायला कोणीतरी हवं. ते काम साळिंदर गुरुजींकडे होतं.

गुरुजी फार मायाळू होते. पण त्यांची एक अडचण होती. अंगभर काटे असल्यामुळे त्यांना कोणाला हात लावून दाखवता येत नसे. त्यात शिकवण्यासाठी रुग्ण मिळत नसे. रुग्ण पडेपर्यंत शिकणारे कंटाळून घरी जात. आणि पट्ट्यांचा गठ्ठा एकच होता. तो सुतळीनं बांधून, वर लाख लावून कपाटात ठेवलेला. खऱ्या रुग्णासाठीच तो फोडायचा, असा नियम होता.

मग गुरुजींनी एक युक्ती काढली. ते सगळं शिक्षण ‘समजा’वर चालवू लागले.

शिकणाऱ्यांपैकी एकाला ते गवतावर आडवं करत. दुसऱ्याला सांगत, समजा याचा पाय मोडला आहे. मग दुसरा म्हणे, समजा मी गठ्ठा फोडला. समजा पट्टी काढली. समजा बांधली, समजा गाठ मारली. मग दोघं मिळून म्हणत, समजा उचललं, समजा गाडीत ठेवलं. गवा रिकामी गाडी दवाखान्यापर्यंत ओढत नेई आणि परत आणी. शेवटी गुरुजी म्हणत, समजा रुग्ण बरा झाला. की गवतावरचा उठून, अंग झटकून, खरोखरच जेवायला जाई.

गुरुजींच्या हाताखाली आजवर एकही समजा-रुग्ण दगावला नव्हता. त्यांना याचा अभिमान होता, पण ते बोलून दाखवत नसत.

त्या साली तीन नवी मंडळी शिकायला आली. एक शेकरू, एक कोल्हा आणि एक अस्वलीण. अस्वलिणीचं नाव धुरपदा.

शेकरू चपळ होतं. गुरुजींचं वाक्य संपायच्या आत ते ‘समजा बांधली’ म्हणून मोकळं व्हायचं. कोल्ह्याचा आवाज भारदस्त होता. तो ‘समजा’ असं काही म्हणायचा की ऐकणाऱ्याला अर्ध्याहून अधिक बरं वाटायचं. दोघांनाही गुरुजी पहिल्या आठवड्यातच नावाजू लागले.

धुरपदाचं मात्र काही केल्या जमेना.

ती ओढ्यापल्याडची. पल्याडच्या रानात रुग्णगाडी जात नसे, कारण नकाशात ओढ्यावर पूल होता आणि ओढ्यावर नव्हता. मागच्या साली तिच्या धाकट्या जावेच्या पायाला मोठी जखम झाली. टिटवी ओरडली. गाडी काठापर्यंत आली, पूल शोधला, आणि परत गेली. जाऊ तीन दिवस होती. ती गेल्यावर धुरपदानं मनाशी ठरवलं की आपल्या बाजूला एक तरी जाणता हात असायला हवा. म्हणून ती पोहून अल्याड आली आणि गुरुजींसमोर येऊन बसली.

पण पहिल्याच दिवशी गुरुजींनी कोल्ह्याला गवतावर निजवलं आणि तिला सांगितलं, समजा याचा पाय मोडला आहे. धुरपदानं कोल्ह्याचा पाय हातात घेतला. वरपासून खालपर्यंत चाचपला. मग ठेवून दिला.

“चांगला आहे, गुरुजी,” ती म्हणाली.

“अगं, मोडलाय असं समज.”

धुरपदा बराच वेळ त्या पायाकडे पाहत राहिली. तिनं खरंच प्रयत्न केला. मग म्हणाली, “समजते मी. पण मोडलेला नाहीये.”

दुसऱ्या दिवशी याहून वाईट झालं. रक्त वाहत असेल तर तळवा घट्ट दाबून धरावा आणि शंभर मोजावेत, असं गुरुजींनी शिकवलं होतं. धुरपदानं कोल्ह्याच्या मांडीवर तळवा ठेवला आणि दाबला. अस्वलाचा तळवा तो. कोल्हा पुढचे चार दिवस लंगडत होता. त्या वर्षातला तो जंगलातला पहिला खरा रुग्ण. त्याला गाडीतून न्यावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण गाडी सरावाला गेली होती.

त्या मंडळींना परीक्षा तीनदा देता येत असे. तिसऱ्यांदा नापास झालं की घरी जायचं. शेकरू आणि कोल्हा दोन्ही परीक्षा पास झाले आणि तिसरी द्यायला हौसेनं थांबले. धुरपदा दोन्ही वेळा नापास झाली. पहिल्या वेळी तिनं रुग्णाला विचारलं की तुला नक्की काही झालंय का. दुसऱ्या वेळी तिनं समजा-गठ्ठ्याची समजा-गाठ सोडायला नकार दिला. गाठ दिसत नाही, म्हणाली.

गुरुजींना तिचं वाईट वाटे. मुलगी मनापासून आली आहे, हे त्यांना दिसत होतं. ते संध्याकाळी तिला एकटीला बसवून पुन्हा पुन्हा समजावत. ती मान डोलवून ऐके. जखम धुवायची कशी, पट्टीचा वेढा कुठून कुठं न्यायचा, रुग्णाची मान कशी धरायची, सगळं तिला पाठ होतं. फक्त ‘समजा’ आलं की तिचं घोडं अडे.

“गुरुजी,” तिनं एकदा विचारलं, “मी नापास झाले तर पल्याडच्यांनी काय करायचं?”

 गुरुजींनी तिला आणखी एकदा समजा-पट्टी बांधून दाखवली.

तिसरी परीक्षा जवळ आली तेव्हा गुरुजींनी बराच विचार केला. त्यांना वाटलं, धुरपदाला समोर काही दिसत नाही म्हणून जमत नाही. जरा खऱ्यासारखं करून दाखवलं तर जमेल. म्हणून या खेपेला त्यांनी स्वतःच रुग्ण व्हायचं ठरवलं. पळसाची फुलं भिजवून रक्तासारखा रंग करायचा, मांडीला फासायचा आणि ओढ्याकाठी करंजाखाली पडून राहायचं. परीक्षा खरी वाटावी म्हणून गाडीच्या पिशवीत खरा गठ्ठाही ठेवायला सांगितला. फोडायचा मात्र नाही.

आदल्या दिवशी त्यांनी तिघांना बसवून बजावलं.

“उद्या मी काय बोलतो तिकडं लक्ष देऊ नका. रुग्ण काहीही बोलतो. मी रडेन, तुम्हाला नावं ठेवीन, नको नको म्हणेन. तुम्ही आपलं काम करायचं. आणि हे समजा आहे असं अजिबात समजायचं नाही. खरं आहे असं समजायचं.”

शेकरानं हे लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गुरुजी रंगाचा द्रोण घेऊन निघाले. ओढ्याची दरड त्या बाजूला आतून पोखरलेली होती. करंजाखाली पाय टाकताच ती ढासळली. गुरुजी द्रोणासकट खालच्या दगडांत पडले. द्रोण पाण्यात वाहून गेला. एका धारदार दगडानं गुरुजींची मांडी गुडघ्यापासून वर फाडत नेली, आणि रक्त वाहू लागलं.

टिटवीनं ते पाहिलं. ती ओरडली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं ओरडली.

गाडीपाशी बसलेल्या तिघांनी ते ऐकलं. शेकरू म्हणालं की परीक्षा ठरल्या वेळेच्या जरा आधीच सुरू झाली. कोल्हा म्हणाला की तीच तर खरी परीक्षा. तिघं गाडीत चढले, गव्यानं गाडी ओढली, आणि बघता बघता ते करंजाखाली पोचले. गाडी इतक्या लवकर यापूर्वी कधीच पोचली नव्हती.

गुरुजी दगडांत आडवे पडले होते. मांडी लाल झाली होती.

“रंग छान उतरलाय, गुरुजी,” शेकरू म्हणालं. “पळसाचा एरवी जरा पिवळट येतो.”

“रंग नाही रे. खरंच लागलंय.”

“हो गुरुजी,” कोल्हा म्हणाला. “खरंच लागलंय असंच समजतोय आम्ही.”

“अरे समजू नका. खरंच लागलंय.”

शेकरू कोल्ह्याच्या कानात म्हणालं की गुरुजी आज कमाल करतायत. काल सांगितलं होतं त्यातलं एक अक्षरही सोडत नाहीत. कोल्ह्यानं डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. रुग्णासमोर कुजबुजू नये, हाही नियम होता.

मग दोघं कामाला लागले. समजा गठ्ठा फोडला. समजा जखम धुतली. समजा तळवा दाबला, असं म्हणून कोल्ह्यानं हवेत तळवा धरला आणि भारदस्त आवाजात शंभरपर्यंत मोजलं. गुरुजी मधे मधे ‘अरे’, ‘बाबांनो’, ‘हात लावा’ असं म्हणत होते. कोल्हा तेवढ्यापुरता थांबायचा, ‘धीर धरा, आजोबा’ म्हणायचा आणि राहिलेला आकडा पुढं मोजायचा. समजा पट्टी बांधली. समजा उचललं. समजा गाडीत ठेवलं.

गव्यानं मान वळवून गाडीत पाहिलं. मग मान पुन्हा पुढं केली.

धुरपदाही गाडीत चढू लागली. कोल्ह्यानं तिला अडवलं.

“जागा नाही. गुरुजी झोपलेत. तू पिशवी घे आणि मागून पळत ये. थांबलीस तर गुण जातील.”

गाडी निघून गेली. आपल्याला दवाखान्यात घेऊन चाललेल्या त्या गाडीकडे गुरुजी पडल्या पडल्या पाहत राहिले.

धुरपदानं पिशवी उचलली. दोन पावलं गेली आणि थांबली. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. सरावातले रुग्ण शेवटपर्यंत कण्हत असत. गुरुजींनीच तसं शिकवलं होतं. आणि आता गुरुजी गप्प झाले होते. तिची जाऊही तिसऱ्या दिवशी अशीच गप्प झाली होती.

गाडी अजून दिसत होती. धावली असती तर तिनं ती गाठली असती, आणि कदाचित पासही झाली असती.

ती परत फिरली. गुरुजींजवळ बसून तिनं जखमेचा वास घेतला. पळसाला असा वास नसतो.

“गुरुजी, दुखतंय का?”

गुरुजींनी मान हलवली.

“समजा दुखतंय, का…”

“धुरपदे,” गुरुजी म्हणाले, “आता मला बोलवत नाही गं.”

धुरपदानं पिशवीतून गठ्ठा काढला. लाखेसकट सुतळी दातांनी तोडली. ओढ्याचं पाणी आणून जखम धुतली, आणि पट्टीची घडी ठेवून तळवा टेकवला. पण गुरुजींचे काटे ताठ उभे होते. तिचा हात पुढं गेला तसे ते तिच्या कोपरापर्यंत घुसू लागले.

“काटे मिटा, गुरुजी.”

“मिटत नाहीत. भ्यालोय मी.”

“मग भ्या. मी धरलंय.”

तिनं तळवा तसाच दाबून ठेवला. तिला वीसपर्यंतच मोजता येत होतं. तिनं वीस पाच वेळा मोजले. पाचच झाले याची खात्री नव्हती, म्हणून आणखी पाच वेळा मोजले. मग हळूच हात काढून पाहिला. रक्त थांबलं होतं. तिनं संध्याकाळच्या शिकवणीप्रमाणे वेढे दिले, गाठ मारली, आणि गुरुजींना दोन्ही हातांवर उचलून दवाखान्याच्या वाटेला लागली. काटे काढत बसायला वेळ नव्हता. ते तिच्या हातात तसेच राहिले.

अर्ध्या वाटेवर तिला रुग्णगाडी परत येताना भेटली. शेकरू आणि कोल्हा आनंदात होते.

“अगं, गुरुजींना दाखल करून आलो आम्ही,” कोल्हा म्हणाला. “तू त्यांना परत कुठं घेऊन चाललीस?”

धुरपदानं गुरुजींना गाडीपुढं धरलं. गव्यानं गुरुजींकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग कोणी न सांगता गाडी वळवली.

“ठेव त्यांना,” तो म्हणाला. “मघाशी गाडी हलकीच लागत होती.”

शेकरानं त्याला विचारलं की मग तेव्हाच का बोलला नाहीस. गवा म्हणाला, हलकी तर रोजच असते.

दवाखान्यात घुबडबाई होत्या. दिवसाची वेळ, त्यामुळे त्यांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा मिटत आलेला. त्यांनी नाव विचारलं, वही पाहिली, आणि सांगितलं की साळिंदर नावाचा रुग्ण मघाशीच दाखल झाला आहे. मांडीला जखम. प्रकृती ठीक. खाट एकच आहे आणि ती त्यांना दिली आहे.

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती, पण वहीत ती भरलेली होती, त्यामुळे कोणालाच पुढं होता येईना.

धुरपदाच्या हातांतून आता रक्त ठिबकत होतं. ती म्हणाली, “त्या गुरुजींना म्हणावं, जरा सरका.”

घुबडबाई झोपेतच खाटेकडे वळल्या आणि म्हणाल्या, “जरा सरका हो.” त्यांनी घटकाभर वाट पाहिली. मग गुरुजींना खाटेवर ठेवायला परवानगी दिली.

शिंपी पक्ष्याला बोलावून आणलं. त्यानं चोचीत दोरा घेऊन सात टाके घातले. जाताना तो म्हणाला की आणखी थोडा उशीर झाला असता तर टाके घालायला कोणी उरलं नसतं. बाहेर पायरीवर बसून धुरपदानं दातांनी आपल्या हातांतले काटे एकेक उपटून काढले.

आठ दिवसांनी सांबर आले. ते गाडीमंडळाचे अध्यक्ष. त्यांची शिंगं एवढी मोठी होती की दारातून आत यायला त्यांना वेळ लागे, आणि तोवर सगळे उभे राहत. परीक्षेचा निकाल त्यांच्यासमोर लागायचा होता.

शेकरू आणि कोल्ह्याचं त्यांनी फार कौतुक केलं. गाडी वेळेत पोचली, रुग्णाच्या बोलण्यानं दोघं विचलित झाले नाहीत, रुग्ण ठरल्या वेळेच्या आत दाखल झाला. दोघांना पांढऱ्या टोप्या मिळाल्या.

मग धुरपदाचा कागद निघाला. तिनं पथक सोडलं. सरावात गठ्ठा फोडला. दाखल झालेल्या रुग्णाला पुन्हा दाखल केलं.

गुरुजी काठी टेकत उभे राहिले. ते कधी मोठ्यानं बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की आपण आज इथं उभे आहोत ते या पोरीमुळे, आणि चूक कोणाची असेल तर ती आपल्या शिकवण्याची आहे.

सांबरांनी मान लववून ऐकलं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांचेही डोळे पाणावले.

“गुरुजी, तुम्ही वाचलात याचा आम्हा सर्वांना आनंद आहे,” ते म्हणाले. “पण परीक्षा समजाची होती. हिनं खरं केलं. खऱ्याला गुण द्यायची कागदात सोय नाही.”

गुरुजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. खरोखरच सोय नव्हती. त्यांनी ‘नापास’ लिहिलं.

धुरपदा रडली नाही. तिनं फक्त विचारलं की उरलेल्या पट्ट्या कपाटात ठेवू का. फोडलेला गठ्ठा कपाटात ठेवता येत नसे. गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, घेऊन जा. मग ते तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेले. तिथं दोघं दुपारभर बसले. गुरुजींनी तिला उरलेलं सगळं सांगितलं. साप चावला तर काय, घशात काही अडकलं तर काय, पिल्लू आडवं आलं तर काय. ती नीट ऐकत होती. त्या दुपारी दोघांच्याही तोंडून ‘समजा’ एकदाही निघालं नाही.

उन्हं कलायच्या आधी धुरपदा गठ्ठा डोक्यावर धरून ओढा पोहून गेली.

पुढच्या साली पुन्हा तीन नवी मंडळी आली. एक मुंगूस, एक भेकर, एक रानडुकरीण. तिघं तीन दऱ्यांमधले. गुरुजींनी त्यांना गवतावर बसवलं, घसा साफ केला, आणि पहिला धडा दिला.

“समजा,” ते म्हणाले, “तुम्ही वाट चुकलात आणि ओढ्यापल्याड गेलात. समजा, तिथं एक अस्वलीण राहते. समजा, ती म्हणेल ते तुम्ही चार महिने केलंत.”

तिघं आज्ञाधारक होते. ते त्याच दिवशी वाट चुकले.

चार महिन्यांनी परत आले तेव्हा ते कमी बोलत होते. त्यांच्या हातांना पाल्याचा वास येत होता. गुरुजींनी परीक्षा घेतली. गवतावर कोल्ह्याला निजवलं होतं. तिघांनीही त्याला चाचपून पाहिलं आणि उठून घरी जायला सांगितलं. गुरुजींनी तिघांना नापास केलं. तिन्ही वेळा केलं, आणि इतक्या सुंदर अक्षरात त्यांनी तो शब्द आजवर लिहिला नव्हता. तिघं आपापल्या दरीत परत गेले.

त्यानंतर दर साली असंच होत आलं. जंगलाच्या कानाकोपऱ्यात हळूहळू एकेक नापास जाऊन बसला. टिटवीला ओरडायचं काम उरलं नाही. वर्षाला दोन-तीन रुग्ण मिळायचे तेही रुग्णगाडीला मिळेनासे झाले. सांबरांनी मोठी सभा घेतली आणि जाहीर केलं की आपल्या रुग्णगाडीच्या दराऱ्यानं रोगराई जंगल सोडून पळाली आहे. शेकरू आणि कोल्ह्याच्या गळ्यात हार पडले. दोघं आजही पांढऱ्या टोप्या घालून गाडीत बसतात आणि न चुकता सराव करतात. स्वभावानं ते चांगले आहेत.

परवाचीच गोष्ट. जंगलात नव्यानं राहायला आलेल्या एका सशिणीचं पिल्लू झाडाच्या मुळाला अडखळून पडलं. पायातून रक्त यायला लागलं. सशीण घाबरून शेजारच्या घोरपडीकडे धावत गेली आणि म्हणाली, रुग्णगाडीला कळवायला हवं.

“कळव की,” घोरपड म्हणाली. “पण आधी पोराला उचल आणि त्या वळणावर जा. तिथं एक आहे. तिन्ही वेळा नापास झालीय. हात फार चांगला आहे तिचा.”

तात्पर्य : मुलांनो, नीट अभ्यास करा आणि परीक्षेत पास होत जा. नाहीतर जन्मभर काम करावं लागतं.